चालत्या गाड्याला खीळ न घालता

या मालिकेत बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा कुठल्या कुठल्या गावची मराठी माणसं ऐकणार-वाचणार आहेत, त्या सगळ्यांना नमस्कार. मी बोलतोय रामनगरहून. काशीचा घाट सोडून गंगा ओलांडली की जो किल्ला दिसतो, तेच रामनगर. काशीत पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमचंही त्यातलंच. मी मात्र गेली काही वर्षं गंगेच्या या बाजूला राहतो. काशीकर याला ‘उस पार’ म्हणतात. घरात बसून लिनक्स सर्व्हरची देखभाल करतो, आणि कामं बहुतेक महाराष्ट्रातली असतात.

विषय काय, असं मला विचारलं गेलं तेव्हा मी म्हटलं, ‘यूप्रोब’. पलीकडून लगेच प्रश्न आला, ‘घरातल्या माणसांना कळेल असं सांगाल ना?’ प्रयत्न करतो. ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी सोप्या भागात थोडा धीर धरावा. ज्यांना येत नाही त्यांनी अवघड भागात धरावा.

एका वाक्यात विषय असा. एखादा प्रोग्रॅम चालू आहे, लोकांचं काम त्यावर चाललंय, त्याचा सोर्स कोड आपल्याकडे नाही, तो थांबवायची सोय नाही. अशा वेळी तो आत काय करतोय हे कसं बघायचं?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. एका पतसंस्थेतून आला. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथे खात्यांचा सगळा हिशेब एका जुन्या प्रोग्रॅमवर चालायचा. सी भाषेत लिहिलेला. ज्यांनी लिहिला त्यांनी कधीच दुकान बंद केलेलं. सोर्स कोड कुणाकडे नाही. चालतोय तोवर चालवायचा, असा कारभार. असे प्रोग्रॅम आपल्या देशात किती असतील, याचा विचार केला की मला कधी कधी झोप लागत नाही.

एका महिन्यात तक्रार सुरू झाली. पिग्मीच्या नोंदी संध्याकाळी चढवायला फार वेळ लागतोय. पिग्मी म्हणजे काय हे महाराष्ट्राबाहेरच्यांसाठी सांगतो. एजंट रोज दुकानादुकानांत फिरून वीस, पन्नास, शंभर रुपये गोळा करतो आणि संध्याकाळी संस्थेत आणून भरतो. एका एजंटाकडे दीडशे नोंदी सहज असतात. पूर्वी दोन मिनिटांत चढायच्या. आता एकेका नोंदीला पाच सेकंद. दीडशे गुणिले पाच, साडेसातशे सेकंद. सहा एजंट असले की सव्वा तास. तिथल्या एक लिपिक बाई बाहेरगावच्या. त्यांची शेवटची एसटी रोज चुकायला लागली. त्यामुळे सर्व्हर सावकाश चालणं ही तिथे तांत्रिक गोष्ट राहिली नव्हती. नवा सर्व्हर घ्या, असा सल्लाही कुणीतरी देऊन गेलं होतं. संचालक मंडळ त्यासाठी पैसे काढायच्या विचारात होतं.

माझ्याकडे काम आलं, आणि मी पहिल्याच दिवशी घोळ घातला. तो आधी सांगतो.

प्रोग्रॅमच्या आत बघायचं जुनं हत्यार म्हणजे डिबगर. तो चालू प्रोग्रॅमला जोडता येतो. पण जोडला की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. त्याचे सगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चाललेले कामाचे सगळे धागे थांबतात. तुम्ही बघून घ्यायचं आणि ‘चल’ म्हणायचं, मग तो पुढे जातो. मला वाटलं, दोन-चार सेकंदांत बघून घेऊ. सकाळी अकराची वेळ. मी डिबगर जोडला, आणि नेमकं माझ्या घरची इंटरनेटची जोडणी तुटली. प्रोग्रॅम तिकडे थांबलेला, मी इकडे आंधळा. चारही काउंटर गोठले. दोन नोंदी अर्ध्यावर राहिल्या, त्या नंतर हातानं जुळवाव्या लागल्या. शाखाधिकारी मॅडमचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त लागलं. ‘सर, आता दिवसा हात लावू नका हो. लोक रांगेत उभे आहेत.’

मग रात्री बघायचं? रात्री व्यवहार नसतो. व्यवहार नाही तर दुखणं दिसणार नाही. आणि खऱ्या वहीत खोटी नोंद करून बघता येत नाही. म्हणजे बघायचं तर दिवसाउजेडी, गर्दीच्या वेळी, आणि कुणाला न थांबवता.

रामनगरच्या माणसाला ही अट नवीन नाही. इथली रामलीला एका मंचावर होत नाही. जवळजवळ महिनाभर ती गावभर वेगवेगळ्या जागी होते. अयोध्या इथे, जनकपूर तिथे, लंका आणखी लांब. प्रेक्षक लीलेबरोबर चालतात. लीला त्यांच्यासाठी थांबत नाही. मला त्या प्रोग्रॅमचं तसंच करायचं होतं.

लिनक्समध्ये याची सोय आहे, तिचं नाव यूप्रोब. ‘यू’ म्हणजे यूजर, वापरणाऱ्याच्या बाजूचे प्रोग्रॅम. ‘प्रोब’ म्हणजे तपासणीची खूण. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. सगळे प्रोग्रॅम त्याच्या देखरेखीखाली चालतात, मेमरी तो देतो, प्रोसेसरवर पाळी तो लावतो. यूप्रोबमध्ये बघायचं काम या कर्नललाच सांगायचं.

कसं? कर्नलला दोन गोष्टी सांगायच्या. प्रोग्रॅमची फाइल कुठली, आणि त्या फाइलच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आपल्याला हवं ते फंक्शन आहे. कर्नल काय करतो, तर मेमरीतल्या त्या पानाची त्या प्रोग्रॅमपुरती वेगळी प्रत काढतो, आणि त्या प्रतीत नेमक्या जागी मूळ सूचनेच्या ठिकाणी एक खास सूचना लिहितो. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर ती एका बाइटची असते, २०४ हा आकडा. तिचा अर्थ ‘इथे थांब आणि कर्नलला कळव’. डिस्कवरची फाइल जशीच्या तशी राहते. प्रोग्रॅम चालत चालत त्या जागी आला की प्रोसेसर कर्नलकडे वळतो, कर्नल आपली नोंद करतो आणि प्रोग्रॅमला पुढे सोडतो. नोंद फाइलच्या नावे असल्यामुळे तोच प्रोग्रॅम उद्या नव्यानं सुरू झाला तरी खूण त्यालाही लागू होते.

आता इथे एक अडचण आहे, आणि सगळी कलाकुसर त्या अडचणीत आहे. ती समजली की यूप्रोब समजला.

समजा घाटाच्या एका पायरीवर मी माणूस बसवला. काम काय, तर उतरणाऱ्या प्रत्येकाची मोजणी. पण तो बसलाय तीच पायरी लोकांना उतरायला हवी. पहिला माणूस आला. मोजला. आता त्याला पुढे कसं जाऊ द्यायचं? मोजणारा क्षणभर उठून बाजूला झाला तर हा उतरेल, पण तेवढ्यात मागून चार जण न मोजता निघून जातील. प्रोग्रॅममध्ये तेच होतं. खुणेनं मूळ सूचनेची जागा घेतली आहे. मूळ सूचना चालवल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जाऊ शकत नाही. तिला पुन्हा जागेवर ठेवून चालवावं, तर तेवढ्या वेळात दुसरा थ्रेड तिथून निसटतो. वेळेवर सगळ्यांना थांबवलं तर काही निसटत नाही, पण मग गाडाच थांबला. तेच तर नको होतं.

उपाय असा काढला की मोजणाऱ्यानं उठायचंच नाही. पायरीच्या शेजारी एक फळी टाकायची आणि आलेल्याला त्या फळीवरून उतरवायचं. कर्नल मूळ सूचनेची एक प्रत प्रोग्रॅमच्याच मेमरीत एका वेगळ्या पानावर ठेवतो. प्रोसेसरला सांगतो, ही एकच सूचना इथून चालव आणि मला परत कळव. ती झाली की प्रोग्रॅम मूळ वाटेवर, पुढच्या सूचनेवर. प्रत्येक थ्रेडला आपली वेगळी फळी, त्यामुळे धक्काबुक्की नाही. सूचनेत ‘इथून चाळीस बाइट पुढे’ असा हिशेब असेल, तर जागा बदलल्यामुळे तो चुकेल. तोही कर्नल दुरुस्त करून देतो. खूण लावलेल्या प्रोग्रॅमचा मेमरीचा नकाशा काढून बघा, त्यात ‘यूप्रोब्ज’ नावाचं एक पान दिसेल. तीच ही फळी.

फंक्शनला किती वेळ लागला हे कळायला आणखी एक खूण लागते, परतीची. फंक्शन संपल्यावर कुठे परत जायचं तो पत्ता स्टॅकवर लिहिलेला असतो. कर्नल तो पत्ता बदलून आपला घालतो. फंक्शन संपलं की प्रोग्रॅम आधी कर्नलच्या दारात येतो, मग खऱ्या पत्त्यावर जातो. आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ, दोन्ही मिळाल्या की वजाबाकी उरते.

आता पुन्हा पतसंस्थेत येऊ.

मॅडमकडून मी लेखी परवानगी घेतली. काय बघणार आणि काय बघणार नाही, ते लिहून दिलं. त्याबद्दल शेवटी बोलतो. त्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये नशिबानं फंक्शनची नावं पुसलेली नव्हती. बीपीएफट्रेस नावाचं साधन आहे. त्यात दोन-चार ओळी लिहिल्या की ते कर्नलकडून यूप्रोब लावून घेतं, आणि हिशेबही कर्नलच्या आतच ठेवतं. संध्याकाळी सहाला पिग्मीची गर्दी सुरू झाली. मी नोंद करणाऱ्या फंक्शनवर खूण लावली, जायची आणि यायची. काउंटरवर कुणाला काही कळलं नाही.

पहिला आकडा आला: पाच सेकंद आणि वर थोडं. पुढची नोंद: पाच सेकंद आणि वर थोडं. प्रत्येक नोंदीला तेच. मंडळी, मशीन म्हातारं झालं की ते असं वागत नाही. ते कधी तीन सेकंद घेईल, कधी सात, कधी अकरा. इतकं ठरलेलं पाच म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय.

मग आतल्या फंक्शनवर एकेक खूण. वहीत लिहिणं: काही मिलिसेकंद. शिल्लक काढणं: त्याहून कमी. खातेदाराला एसएमएस पाठवणं: पाच सेकंद. त्याच्या आत गेलो. एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता हवा. नावावरून पत्ता काढून देणारं एक फंक्शन लिनक्सच्या सी लायब्ररीत असतं, गेटअ‍ॅड्रइन्फो. लायब्ररीवरही यूप्रोब लागतो. लावला. सगळे पाच सेकंद तिथेच जात होते.

कारण सांगायला आता एक मिनिट पुरे. संस्थेनं महिन्याभरापूर्वी इंटरनेटवाला बदलला होता. नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरच्या यादीत पहिलं नाव जुन्या इंटरनेटवाल्याचं राहून गेलं होतं. तो आता उत्तर देत नव्हता. ही लायब्ररी मुळात पाच सेकंद वाट बघते, मग यादीतल्या दुसऱ्याला विचारते. दुसरा लगेच उत्तर देत होता. आणि हा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीला नव्यानं पत्ता विचारत होता. शंभर वेळा विचारून शंभर वेळा विसरणारा.

रात्री यादीतली ती एक ओळ काढली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. दुसऱ्या दिवशी पिग्मी पूर्वीसारखी चढली. नवा सर्व्हर घेतला असता तर तोही तितक्याच इमानानं पाच सेकंद वाट बघत बसला असता.

कुणी म्हणेल, यादीतली ओळ आधीच बघायला हवी होती. बरोबर आहे, कारण कळल्यावर सगळं सोपंच वाटतं. पण त्या मशीनवर अशा शंभर ओळी होत्या आणि प्रत्येकीवर संशय घेता आला असता. मोजल्यामुळे संशय एका जागी आला.

हे हत्यार आलं कुठून, याचाही थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपल्याकडच्या माणसांचा मोठा वाटा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. कर्नलच्या स्वतःच्या फंक्शनवर खूण लावायची सोय आधी झाली, तिचं नाव केप्रोब. लिनक्सच्या सोर्समध्ये केप्रोबची फाइल उघडा. वरच लिहिलंय, ऑक्टोबर २००२ मध्ये सुरुवातीचं काम वंशी कृष्णा यांनी केलं, पुढे २००४ मध्ये प्रसन्ना पंचमुखी यांनी सुधारणा केल्या. दोघेही आयबीएमच्या भारतातल्या चमूतले. २००४ मध्ये २.६.९ या आवृत्तीत केप्रोब लिनक्समध्ये दाखल झालं. यूप्रोबची फाइल उघडा, तर लेखक म्हणून श्रीकर द्रोणमराजू आणि जिम केनिस्टन, आयबीएमचे, आणि सालं २००८ ते २०१२. सोबत रेड हॅटच्या पीटर झाइलस्ट्रांचं नाव.

चार वर्षं का लागली? कर्नलची स्वतःची मेमरी कर्नलच्या मालकीची. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जाऊन सूचना बदलायची, वर तिथे आपलं एक पान घालायचं, हे किती योग्य, यावर कर्नल लिहिणाऱ्यांमध्ये बरेच वाद झाले. सुरुवातीची रचना यूट्रेस नावाच्या दुसऱ्या कामावर उभी होती. ते काम मुख्य कर्नलमध्ये आलंच नाही, म्हणून रचना नव्यानं करावी लागली. शेवटी जुलै २०१२ मध्ये, लिनक्स ३.५ मध्ये यूप्रोब आलं. परतीची खूण २०१३ मध्ये, ३.१० मध्ये. त्याआधी सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये डीट्रेसनं अशी सोय करून दाखवली होती, आणि लिनक्सवाल्यांना ते सारखं ऐकून घ्यावं लागायचं. पुढे बीपीएफ आलं, म्हणजे कर्नलच्या आत आधी तपासून घेतलेला छोटासा प्रोग्रॅम चालवायची सोय. त्यानंतर खुणेपाशी काय मोजायचं ते आपल्याला ठरवता येऊ लागलं.

आता मर्यादा. नव्यानं शिकणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं.

पहिली, किंमत. एकदा खुणेवरून जायला साधारण एक-दोन मायक्रोसेकंद लागतात. मिनिटाला बारा नोंदी असतील तर ही किंमत शून्य धरा. पण मेमरी मागणारं मॅलॉक फंक्शन काही प्रोग्रॅममध्ये सेकंदाला लाखो वेळा चालतं. दहा लाख वेळा चालणाऱ्या फंक्शनवर खूण लावलीत तर दर सेकंदाच्या कामात एक-दोन सेकंदांची भर पडेल. गाड्याला खीळ घातल्यासारखंच झालं ते. फंक्शन किती वेळा चालतं याचा अंदाज आधी घ्या, मग खूण लावा.

दुसरी, नावं. फाइलमधून नावं पुसलेली असतील तर खूण कुठे लावायची हेच कळत नाही. कंपायलरनं एखादं लहान फंक्शन दुसऱ्यात विरघळवून टाकलं असेल तर तिथे खूण लागणार नाही, किंवा लागेल पण कधी वाजणार नाही. खूण वाजली नाही म्हणजे फंक्शन चाललं नाही, असा निष्कर्ष घाईनं काढू नका.

तिसरी, भाषा. सी आणि सी प्लस प्लसमध्ये हे सरळ चालतं. जावासारख्या भाषेत सूचना चालताना तयार होतात, त्यांना फाइलमध्ये ठरलेली जागा नसते. गो भाषेत तर सांभाळून. गो आपला स्टॅक उचलून दुसरीकडे नेतं, आणि परतीच्या खुणेनं बदललेला पत्ता बघून गोंधळतं. प्रोग्रॅम कोसळू शकतो. तिथे परतीची खूण लावू नका.

शेवटी ती परवानगीची गोष्ट.

ज्या यूप्रोबनं मी वेळ मोजला, त्यानंच मला खातेदारांचे फोन नंबर आणि शिल्लक दिसू शकली असती. फंक्शनला काय दिलंय ते खुणेपाशी वाचता येतं. बॅश शेलमध्ये माणूस टाइप करतो ती ओळ यूप्रोबनं वाचणारं साधन आयतं मिळतं. कूटलेखन करणाऱ्या लायब्ररीच्या दारात खूण लावली तर मजकूर कुलूपबंद व्हायच्या आधीच वाचता येतो. यात कुठलं कुलूप फोडलेलं नाही. पत्र पाकिटात घालण्याआधी खांद्यावरून वाचलं, इतकंच. म्हणून ही परवानगी लिनक्स सगळ्यांना देत नाही, मशीनच्या मुख्य अधिकाऱ्यालाच, म्हणजे रूटलाच सहसा मिळते. पण माझ्यासारख्या माणसाच्या हातात दहा-दहा संस्थांचं रूट असतं. तिथे कर्नल मला अडवणार नाही. मलाच मला अडवावं लागेल.

मी पाळतो ते नियम साधे आहेत. काय बघणार ते आधी लिहून द्यायचं आणि सही घ्यायची. फक्त वेळ आणि संख्या मोजायची. मजकूर वाचल्याशिवाय चालणारच नसेल तर पुन्हा विचारायचं. बीपीएफट्रेसच्या ओळी जशाच्या तशा संस्थेला द्यायच्या, म्हणजे उद्या दुसऱ्या जाणत्यानं तपासलं तर त्याला कळेल की मी काय बघितलं. काम झालं की खुणा काढायच्या आणि काढल्या हे दाखवायचं. मॅडमनी त्या ओळी मागितल्या नव्हत्या. मी दिल्या. त्यांनी त्या प्रिंट काढून फाइलला लावल्या.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी घरच्या लिनक्सवर, स्वतःच्याच प्रोग्रॅमवर सुरुवात करा. एक छोटा सी प्रोग्रॅम लिहा, त्यात दर सेकंदाला चालणारं एक फंक्शन ठेवा, आणि दुसऱ्या खिडकीतून त्यावर यूप्रोब लावा. मग मेमरीचा नकाशा काढून ते ‘यूप्रोब्ज’ पान शोधा. सापडलं की मला सांगा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर मात्र आधी विचारा, आणि अकरा वाजता डिबगर जोडू नका.

त्या लिपिक बाईंना मी कधी भेटलो नाही. मॅडमनी आठवड्यानं फोन केला तेव्हा दुसरंच काम होतं. बोलता बोलता म्हणाल्या, ‘आमच्या बाईंना हल्ली साडेसातची एसटी मिळते.’

बरं, थांबतो इथे. तुमचे प्रश्न असतील ते जरूर पाठवा. नमस्कार.